एकतीस जीव हजर

शुक्रवार, ६ मार्च २०१५. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सोहारमधल्या एका तीन मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कृष्णकांत काकांचे बत्तीसपैकी एकतीस जीव परत आले. त्यासाठी ओमानच्या भूमीवर तांदळाच्या दारूचे एकूण सात थेंब तयार झाले आणि ते सातही एका कढीपत्त्याने प्यायले.

असं काहीही घडलेलं नाही.

हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण न घडलेल्या गोष्टींचा मला अनुभव आहे. सोहार औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा एक कारखाना आहे, तिथे मी क्वालिटी कंट्रोलला आहे, आणि आमच्याकडे न घडलेल्या गोष्टींसाठी छापील फॉर्म मिळतो. त्याला 'निअर मिस रिपोर्ट' म्हणतात. तीन प्रतींत भरायचा.

पंधरा फेब्रुवारीला कृष्णकांत काका कंप्रेसरच्या मागे वाकून व्हॉल्व्ह बघत होते. काका आमचे मेंटेनन्सचे प्रमुख. वय अठ्ठावन्न, मूळचे चिपळूणचे, यंत्रांशी मराठीत आणि माणसांशी हिंदीत बोलणारे. कुणी यंत्राच्या आत हात घातला असेल तर स्विचवर 'चालू करू नये' असा लाल टॅग लटकवायचा असतो. तो टॅग माझ्याकडे होता. तो माझ्याकडेच राहिला, कारण मी फिटर भिकाजीला एक विनोद सांगत होतो. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी स्विच दाबला आणि काकांच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर हवेचा रबरी होज फुटला. आवाज असा की गेटवरचा वॉचमन टेबलाखाली गेला आणि तिथूनच त्याने आमची नावं विचारली.

इजा नाही. रक्त नाही. साक्षीदार म्हणून मी सही केली. 'नेमके काय घडले?' या रकान्यात सेफ्टी ऑफिसरने लिहिलं, 'काहीही नाही.'

फक्त काका त्या दिवसापासून बोलले नाहीत.

कान तपासला, डोकं तपासलं, छाती तपासली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. काका बाल्कनीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. भरवलं तर खायचे. आपण समोर गेलो तर बंद टीव्हीकडे बघावं तसं आपल्याकडे बघायचे. हाच माणूस माझ्या प्रत्येक विनोदाला दहापैकी मार्क द्यायचा. आजवरचा उच्चांक साडेतीन. मी रोज संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन त्यांना नवा विनोद सांगायचो आणि मार्कांची वाट बघायचो. शून्यसुद्धा मिळालं नाही.

रविवारी, पंधरा मार्चला, कंपनीचा डॉक्टर त्यांना तपासणार होता. बोलले तर फिट. नाही बोलले तर अनफिट, आणि अनफिट म्हणजे फायनल एक्झिट: नोकरी खलास, व्हिसा खलास, दोन बॅगा आणि विमान. पण ही झाली कंपनीची भीती. बुआकाकूंची भीती वेगळी होती.

बुआकाकू म्हणजे काकांची बायको. पूर्ण नाव बुआखाम. पंचवीस वर्षांपूर्वी काका लाओसमध्ये एका धरणाच्या कामावर होते, तिथल्या कॅन्टीनमध्ये या भात वाढायच्या. लग्नानंतर तीन वर्षं चिपळूणला सासूबाई प्रभावतींच्या हाताखाली काढली, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी पुण्याच्या इंग्लिश मीडियमचा. मी 'एकोणसत्तर' म्हणताना थांबतो, त्या थांबत नाहीत.

"यांचे जीव उडालेत," काकूंनी मला सांगितलं. "माणसात बत्तीस जीव असतात. डोक्यात, डोळ्यांत, कोपरांत, गुडघ्यांत. मोठा धक्का बसला की चिमण्यांसारखे उडतात. ते तिकडेच बसलेत, त्या मशीनच्या मागे."

"मग परत कसे आणायचे?"

"बोलवायचे. आमच्याकडे त्याला बासी म्हणतात. तबक मांडायचं, मनगटाला पांढरा दोरा बांधायचा, एकेकाला हाक मारायची. पण विमानात बसायच्या आधी. नाही तर मी चिपळूणला नुसतं शरीर घेऊन जाईन आणि माझा नवरा इथे कंप्रेसरमागे राहील."

मी म्हटलं, बोलवू या, त्यात काय. काकू म्हणाल्या, "त्याला लाव लागते."

लाव म्हणजे दारू. तांदळाची. काकूंच्या गावी ती दोन प्रकारची असते. एक लाव-लाव. चिकट तांदूळ आंबवून चुलीवर ठेवायचा, त्याची वाफ धरायची, वाफेचे थेंब होतात, थेंबांची धार होते. काकूंची आई असं करायची आणि पहिली धार चुलीशेजारच्या जमिनीला द्यायची, कारण जमीन वयाने मोठी. दुसरी लाव-हाय. तिला चूल लागत नाही. वाफवलेला भात, साळीचा कोंडा आणि विरजण मडक्यात भरून तोंड लिंपून टाकायचं. आठवड्याने उघडायचं, वर पाणी ओतायचं आणि सगळ्या गावाने लांब लांब वेळूच्या नळ्या घालून एकाच मडक्यातून ओढायची. कुणी किती ओढली हे कळावं म्हणून शिंगाने मापून पाणी ओततात. ही पद्धत मला क्वालिटी कंट्रोलचा माणूस म्हणून फार आवडली.

"काकू, इथे घरी दारू करणं गुन्हा आहे," मी म्हटलं. "परवान्यावर व्हिस्की मिळते. आमच्या मॅनेजर पाटील साहेबांकडे परवाना आहे."

"व्हिस्की बार्लीची," काकू म्हणाल्या. "बार्लीच्या वासाला यांचा कुठला जीव येणार? एकही ओळखीचा नाही."

टॅग अजून माझ्याच खिशात होता. म्हणून मी कामाला लागलो.

मडकं बहला गावच्या कुंभारांचं, बाजारातून. चिकट तांदूळ मस्कतहून, एका थाई बाईच्या दुकानातून. कोंडा एका घोड्याकडून, म्हणजे घोड्याच्या मालकाकडून, पण तो घोड्यासमोर म्हणाला, "याला विचारा." वेळूच्या नळ्या मिळेनात, म्हणून मी कारखान्यातून फूड-ग्रेड ट्यूब आणली, टेस्ट सर्टिफिकेटसकट. राहिलं फक्त विरजण, आणि ते काकूंकडे होतं. बहिणीने गावाहून पाठवलेलं. पेढ्याएवढी, चपटी, पांढरी गोळी. तांदळाच्या पिठात कुळिंजन, लसूण, मिरी घालून वाळवलेली. तिला पेंग म्हणतात. डबीत एकच उरली होती. उभ्या ओमानमध्ये एक.

ठरलं असं की शुक्रवारी, सहा तारखेला, भात वाफवायचा आणि मडकं भरायचं. पुढच्या शुक्रवारी उघडायचं. शनिवार हाताशी. रविवारी डॉक्टर.

आता माझी चूक. पण ती माझी म्हणणं हाही थोडा अन्यायच आहे. ती माझ्या संस्कारांची चूक आहे.

इमारतीच्या तळमजल्यावर जैनुद्दीनचाचांचं किराणा दुकान आहे आणि दुकानामागे त्यांचं घर. चाचा हर्णैचे, दोनदा हज केलेले, दुकानात बसून सगळ्या गल्लीच्या तब्येतीची चौकशी करणारे. त्यांची बीबी खुदेजाचाची आणि बुआकाकू यांची दहा वर्षांची मैत्री. काका आजारी पडल्यापासून चाचीकडून दिवसाआड डबा वर यायचा. गुरुवारी सकाळी ड्यूटीवर जाता जाता मी काकांकडे डोकावलो, तेव्हा काकू त्यांना आंघोळ घालत होत्या. आतून ओरडल्या, "रुचिर, ओट्यावर खुदेजाचा डबा आहे, खाली देऊन टाक रे जाताना!"

डबा रिकामा होता. माझ्या आईने मला आयुष्यात दोनच गोष्टी कायमच्या शिकवल्या. एक, ओला टॉवेल गादीवर टाकायचा नाही. दोन, शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. चमचाभर साखर तरी घालायची. पहिली मी पाळत नाही. म्हणून दुसरी काटेकोर पाळतो. मी ओट्यावर नजर टाकली. एका उघड्या डबीत काहीतरी पांढरं, गोल, पेढ्यासारखं होतं.

पुढचं सांगायची गरज नाही. पण फॉर्म पूर्ण भरायचा असतो, म्हणून सांगतो. मी पेंग डब्यात घातली, झाकण लावलं, खाली नेऊन दिली आणि चाचीला म्हटलं, "काकूंनी पाठवलंय."

शुक्रवारी सकाळी दहाला भात वाफवून चादरीवर पसरला होता. मडकं धुऊन उन्हात ठेवलं होतं. काकूंनी डबी उघडली.

"रुचिर, पेंग कुठाय?"

"कसली असते दिसायला?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं. माझेही काही जीव त्या वेळी उडाले असावेत. निदान गुडघ्यांतले दोन.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, काकांच्या अंगावर शाल नीट केली, दाराला बाहेरून कडी घातली आणि आम्ही खाली गेलो.

खुदेजाचाचीने दार उघडलं आणि काही बोलायच्या आधी काकूंना मिठी मारली.

"काय गो तू! घरात एवढं आजारपण, आणि तुला माझी आठवण राहिली?" तिचे डोळे भरले होते. "दोन वर्सं झाली मी मागून. म्हटलं होतंस ना, पुढच्या वक्ताला गावाहून आली की देते? मी तर इसरले पण होते."

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी चाचीच्या घरातला पंखा बघत होतो.

"माझी सांदणं, तांदळाची, वाफेवरची, इथे फुगतच नाय ना," चाचीने मला समजावलं, मला जणू पिठाची काळजी होती. "पाकिटातला यीस्ट घातला की चपटी होतात, चपलेसारखी. बुआ म्हणायची, आमच्याकडे तांदूळ फुगवायला गोळी असते. काल तीच पाठवलीस! कुटून टाकली सगळी पिठात. ये, बघ ये."

स्वयंपाकघरात कोपऱ्यात मोठं पातेलं होतं. त्याच्यावर ताटली, ताटलीवर वरवंटा. आणि वरवंटा उचलला गेला होता. पीठ त्याला खांद्यावर घेऊन उभं होतं. पातेल्याच्या कडेने बाहेर येऊन ते फरशीकडे निघालं होतं. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये चार वर्षं काढली आहेत, पण इतकं उत्साही उत्पादन पाहिलं नव्हतं.

चाचीने ताटली काढली. वास आला. ओलं खोबरं, लसूण, मिरी, आणि त्याच्या मागे काहीतरी गोड, आंबूस, उबदार.

बुआकाकू एकदम खाली बसल्या. फरशीवरच.

"आईच्या चुलीपाशी असाच वास यायचा," त्या म्हणाल्या.

चाचीने पिठाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय झालं रे? हिने पाठवली नव्हती?"

मी खरं सांगितलं. टॅगपासून सुरुवात केली. टॅग, विनोद, होज, बत्तीस जीव, मडकं, घोडा, पेंग, डबा, माझी आई. ही सगळी यादी दारात उभ्या जैनुद्दीनचाचांनीही ऐकली. ते जुम्याच्या नमाजेला निघण्याआधी घरात कधी आले ते आम्हाला कळलं नाही. अंगात पांढरा डगला, डोक्याला टोपी, हातात कोथिंबिरीची जुडी.

"म्हणजे," चाचा म्हणाले, "माझ्या घरात, माझ्या पातेल्यात, माझ्या बायकोने दारूचं विरजण लावलंय."

"नकळत," मी म्हटलं.

"तू गप. तुझा नंबर मग."

खुदेजाचाची रडायलाच लागली. "मला काय ठावं! मी सांदणं लावली!"

काकू उठल्या. त्यांनी हात जोडले. "भाईजान, चूक आमची. पीठ टाकून देऊ नका एवढंच. एक वाटी मला द्या. भाताला लावते, मडक्यात घालते. आठ दिवसांत होईल. याच्याशिवाय मला इथे दुसरी पेंग मिळणार नाही आणि पंधरा तारखेच्या आत..."

चाचा कोथिंबीर बघत होते. ती ताजी होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

"भाभी," ते शेवटी म्हणाले, "कृष्णकांत माझा भाव हाय. त्याच्यासाठी मी रक्त देईन. पण जाणूनबुजून दारूला एक थेंब नाय देणार. मला विचारू पण नका. मला नाय म्हणायला लावू नका."

काकूंनी मान हलवली. मला वाटलं आता भांडण होईल. मी तर मनात दोन्ही बाजूंचे मुद्देही काढून ठेवले होते. पण काकू म्हणाल्या, "नाही विचारत. आईचा नियम होता. पेंग लावताना घरात आवाज चढला की भात आंबट होतो. सगळ्यांत आधी तिला कळतं."

पातेल्यातून एक बुडबुडा फुटला. तिला कळलं असावं.

"आमची आई," चाचा अचानक म्हणाले, "हर्णैला सांदणात माडी घालायची. भंडाऱ्याकडून सकाळची ताजी आणून. यीस्ट कुठला तेव्हा? अख्खा मोहल्ला घालायचा. मी एकदा बावाला विचारलं, माडी हराम, मग सांदण कसं चालतं? बावा बोलला, वाफेवर गेलं की ती माडी नाय रवत. सांदण होतं."

"बरोबर," चाची नाक पुसत म्हणाली. "वाफेवर जातं ते सगळं."

"तर हे पीठ मडक्यात नाय जायचं," चाचा म्हणाले. "टाकायचं पण नाय. सांदणाचं पीठ हाय, सांदण व्हायचं. वर कृष्णकांतच्या घरात उकडा. भाभीला जी प्रार्थना करायची ती करू दे. त्याच्या जीवांना तांदूळच पायजे ना? तांदूळ हाय."

सगळे काकूंकडे बघायला लागले. मीसुद्धा. कारण दारू नाही तर बासी नाही, आणि बासी नाही तर काका कंप्रेसरमागे.

काकूंनी पिठात एक बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"लाव-लाव पण वाफेचीच असते," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही वाफ धरून बाटलीत भरतो, तुम्ही सोडून देता. जीव काही बाटली बघून येत नाहीत. वासाने येतात." मग पदर पुन्हा खोचला. "चल गो खुदेजा. मोदकपात्र वर आहे."

पातेलं मी उचललं. वजन सांगत नाही, पण माझा डावा खांदा अजून त्या दिवसाबद्दल बोलतो.

दोन वाजता काकूंच्या स्वयंपाकघरात प्रभावतीबाईंनी लग्नात दिलेलं तांब्याचं मोदकपात्र गॅसवर चढलं. वाट्यांना तूप लावून चाचीने पीठ ओतलं. इकडे काकूंनी मस्कतच्या चिकट भाताचे गोळे तबकात मांडले, मध्ये केळीच्या पानाचा उंच शंकू, त्याला झेंडूची फुलं, बाजूला दोन उकडलेली अंडी आणि पांढऱ्या सुताचे तुकडे. शंकू दोनदा पडला. तिसऱ्यांदा मी फूड-ग्रेड ट्यूबचा आधार दिला. सर्टिफिकेट होतंच.

काका खुर्चीत. तोंड बाल्कनीकडे.

मग वाफ यायला लागली. आधी स्वयंपाकघरात, मग पॅसेजमध्ये, मग हॉलमध्ये. एसी बंद केला होता. खोबऱ्याच्या खालून तो दुसरा वास आला, सकाळचाच, पण आता गरम आणि मोठा, सबंध घरभर. मी काकांकडे बघत होतो. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. एकदाच. मला वाटलं मला भास झाला.

पंधरा मिनिटांनी काकूंनी मोदकपात्राचं झाकण उचललं. झाकणाच्या आत वाफेचे थेंब जमले होते. तसे नेहमीच जमतात. कुठल्याही घरात, कुठल्याही झाकणाला. काकू झाकण आडवं धरून, एकही थेंब न सांडता, बाल्कनीत गेल्या आणि तिथल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर ते तिरकं केलं. एक. दोन. तीन. ओठांनी त्या काही म्हणत होत्या. चार. पाच. सहा. सात. पहिली धार जमिनीला.

तांत्रिकदृष्ट्या ते काय होतं याबद्दल मी मत दिलेलं नाही. आंबवलेला तांदूळ, त्याची वाफ, वाफेचं पाणी. नमुना घेतलेला नाही. त्या वेळी जैनुद्दीनचाचा मान मागे टाकून छताकडे बघत होते.

"पंख्याला आवाज येतोय," ते म्हणाले.

पंखा बंद होता.

मग काकू काकांसमोर बसल्या. काकांच्या उजव्या तळहातावर त्यांनी कच्च्या तांदळाचे बत्तीस दाणे ठेवले, एका जिवाला एक. आणि हाका मारायला सुरुवात केली. आधी लाओमध्ये. चार-पाच वाक्यं झाल्यावर त्या थांबल्या.

"छे," त्या म्हणाल्या. "यांचे जीव सगळे चिपळूणचे. त्यांना काय कळतंय?"

आणि पुढचं सगळं मराठीत.

"ये रे डोक्यातल्या जीवा, ये. डोळ्यांतल्या जीवांनो, दोघे एकमेकांचा हात धरून या. कोपरातल्या जीवा, ये. कंप्रेसरमागे बसला असशील तर ऊठ, तिथे तेल सांडलंय, कपडे खराब होतील. धरणावर गेला असशील तर उतर, पाणी खोल आहे. चिपळूणला गेला असशील तर आईंना नमस्कार सांग आणि परत ये. भूक लागली असेल. तांदूळ उकडलाय. ये. पोटातल्या जीवा, तू तर पहिल्यांदा यायला पाहिजेस."

खुदेजाचाची पदराने डोळे पुसत होती. जैनुद्दीनचाचांनी दोरा बांधला नाही. त्यांनी काकांच्या डोक्यावर हात ठेवून आपली दुआ पुटपुटली. काकू म्हणाल्या, चालतं, जीवांना घर कुठलं ते कळलं म्हणजे झालं. त्यांनी स्वतः काकांच्या डाव्या मनगटाला दोरा बांधला. चाचीने बांधला. मग काकूंनी माझ्याकडे बघितलं.

मी काकांचं उजवं मनगट धरलं. गाठ मला नीट येत नाही. मी खाली मान घालून दुसऱ्यांदा बांधत होतो, तेव्हा वरून आवाज आला. वीस दिवस न वापरल्यामुळे गंजलेला, पण काकांचाच.

"टॅग लावलास का?"

स्वयंपाकघरात मोदकपात्रातलं पाणी उकळत होतं.

मला 'हो' म्हणता आलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं. मी खिशातून टॅग काढला.

"नाही लावला, काका. माझ्या हातातच होता. मी भिकाजीला विनोद सांगत होतो."

काकांनी टॅगकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बंद टीव्हीकडे बघतात तसं नाही. खराब बेअरिंगकडे बघतात तसं.

"कुठला?"

"आता?"

"मग कधी?"

"एक उंट पंक्चरच्या दुकानात जातो," मी म्हटलं. टायमिंग आधीच गेलं होतं. "म्हणतो, पाठीवर टेंगूळ आलंय, बघता का? पंक्चरवाला दाबून बघतो आणि म्हणतो, टायर ठीक आहे. ट्यूब बाहेर आलीय."

काकांनी विचार केला. पूर्ण अर्धा मिनिट.

"एवढ्यासाठी मी मरणार होतो?"

"हो, काका."

"दोन," काका म्हणाले. आणि मग थोड्या वेळाने, सांदणाच्या वाटीकडे हात करत, "उंटाला म्हणावं, ट्यूबलेस घे."

बुआकाकूंनी तोंडात पदर कोंबला. खुदेजाचाची आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. चाचा म्हणाले, "मला नाय समजला," आणि त्यांना कुणी समजावला नाही. काकांनी सांदणाचा घास घेतला, चावला आणि म्हणाले, "खुदेजा, याला लसणाचा वास का येतोय?"

वाजले होते तीन चाळीस.

संध्याकाळी काकूंनी काकांच्या तळहातावरून काढून ठेवलेले दाणे मोजले. एकतीस. एक कुठेतरी सांडला होता. आम्ही सोफा हलवून शोधला. मिळाला नाही.

रविवारी कंपनीच्या डॉक्टरने काकांना नाव विचारलं. काकांनी नाव सांगितलं आणि मग डॉक्टरच्या स्टुलाला ग्रीस कुठे लावायचं, कुठलं लावायचं आणि कुठलं लावणं हा मूर्खपणा आहे, हे वीस मिनिटं सांगितलं. 'फिट' हा शिक्का घाईत मारल्यामुळे तिरका उमटला आहे. फक्त उजव्या बाजूने बोललं की काका अजून "काय?" म्हणतात. बुआकाकूंचं म्हणणं, राहिलेला जीव त्याच कानाचा. तो अजून मशीनच्या मागे आहे. होज बदलून होईपर्यंत येणार नाही. काकांचाच जीव तो, काम अर्धं टाकून कसा येईल?

होज बदलायला मंजुरी लागते. होज फुटल्याची नोंद कुठेच नसल्यामुळे मंजुरी मिळत नाही. मडक्यात मी कोरफड लावली आहे. कढीपत्त्याला जरुरीपेक्षा जास्त पालवी फुटली आहे, पण त्याचा आणि वरील घटनेचा संबंध जोडता येत नाही, कारण वरील घटना घडलेली नाही.

प्रति,
मा. सेफ्टी ऑफिसर साहेब,

विषय: कंप्रेसर रूममध्ये राहिलेल्या एका जिवास गेट पास मिळणेबाबत.

महोदय,

दि. १५ फेब्रुवारी रोजी काहीही घडले नाही, त्या प्रसंगी मेंटेनन्स विभागाचे श्री. कृष्णकांत यांचा एक जीव (उजवा कान) आपल्या आवारात राहून गेला आहे. सदर जीव परवानगीशिवाय ओव्हरटाइम करीत आहे. त्याच्याकडे ओळखपत्र, फोटो व सेफ्टी शूज नाहीत. तरी, कंप्रेसर क्र. २ चा होज तातडीने बदलून सदर जिवास काम संपल्याचे तोंडी कळवावे, त्यास कोणतीही झडती न घेता मुख्य गेटमधून बाहेर सोडावे, आणि यापुढे कंप्रेसर रूमच्या हजेरीपत्रकात प्रत्येक कामगाराच्या नावापुढे बत्तीस रकाने आखून आत जाताना व बाहेर येताना अशी दोन्ही वेळा मोजणी करावी, ही विनंती. टॅग मी लावला आहे. येऊन बघावे.

सोबत: सांदणे, दोन नग. गरम असतानाच उघडावीत.